फुटलेला तारा काय सांगतो?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येत. वय साठीच्या पुढे, पण बाराखडी पक्की केलेली. एके रात्री त्या उतरल्या तोंडाने आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, काल अंगणातून तारा तुटताना दिसला. पोरगं पुण्याला कामाला हाय. काही बरंवाईट तर नसंल?"

आम्ही म्हणालो, "आजी, बसा. तो तारा नव्हेच. ती उल्का. लहानसा खडा आभाळातून वेगाने येतो, हवेत तापतो आणि जळून जातो. खरा तारा जागचा हललेला नाही."

आजींचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारले, "मग खरा तारा कधी मरतच न्हाई का?"

मरतो. फार मोठा तारा तर फुटतो. त्याची हकीकत ऐका.

आपला सूर्य हाही एक ताराच. सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याचे आतले जळण संपले की त्याचा गाभा स्वतःच्या वजनाने ढासळतो आणि बाहेरचा भाग उडून जातो. इ. स. १०५४ साली असा एक फुटलेला तारा दिसला. चीनमधील लोकांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. तो २३ दिवस भर उन्हातही दिसत होता.

तारे इतके लांब! तेथे कोणी गेले नाही. मग हे कळले कसे? उजेडावरून कळले.

चुलीपाशी तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. गॅसच्या निळ्या ज्योतीवर डाळीचे खारट पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. तांब्याने ज्योत हिरवी होते. प्रत्येक पदार्थाचा रंग ठरलेला.

काचेच्या लोलकातून उजेड गेला की इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा पडतो. त्याला वर्णपट म्हणतात. यंत्रातून नीट पाहिले तर त्यात बारीक रेघा दिसतात. सोडियमच्या रेघा वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. जसे 'क' पाहून आपण 'क' ओळखतो, तसे शास्त्रज्ञ रेघा पाहून पदार्थ ओळखतात. फुटलेल्या ताऱ्याच्या रेघा जागेवरून सरकलेल्या असतात. किती सरकल्या, यावरून वायू किती वेगाने उडाला ते कळते. तो वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असतो!

हे काम आपल्या शेजारीही झाले आहे. परंड्याला लागून करमाळा तालुका आहे. तेथे जेऊर येथे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तेथे तळ ठोकून सूर्याच्या कडेच्या उजेडाचा वर्णपट फोटोत उतरवला. आता पुणे जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका या संस्थेची मोठी दुर्बीण आहे. ती २००६ साली सुरू झाली. तिचा आरसा २ मीटर रुंद आहे. अंधुक ताऱ्यांचे वर्णपट घेण्याचे यंत्र तिला जोडलेले आहे.

१९८७ साली दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटलेला दिसला. त्याच्या किरणांत कोबाल्ट धातूच्या खुणा सापडल्या. हा कोबाल्ट टिकत नाही. दर ७७ दिवसांनी त्यातला निम्मा बदलतो आणि त्याचे लोखंड होते. ताऱ्याचा उजेडही पुढे त्याच मापाने उतरत गेला. म्हणजे तारा फुटताना लोखंड घडते, हे पटले.

आता आपला विळा हातात घ्या. त्यातले लोखंड पृथ्वीवर तयार झालेले नाही. सूर्य जन्मण्याआधी फुटलेल्या ताऱ्यांतून ते आले. आपल्या रक्तातले लोखंडही तेथलेच. ज्याला आपण अपशकून समजून भितो, त्या ताऱ्याच्या मरणातून आपला विळा आला, फाळ आला.

आर्द्रा नक्षत्राचा तांबूस तारा थंडीत संध्याकाळी पूर्वेला दिसतो. तोही कधीतरी फुटेल, कदाचित लाख वर्षांनी. तो फार दूर आहे. आपल्याला त्याचा अपाय नाही.

त्या रात्री आजींनी पोराला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. आठवड्याने उत्तर आले : 'मी खुशाल आहे.' ते त्यांनी स्वतःच वाचले.