आवाज वाढला, ओढ कुठे वाढली?

"भाऊ, इंदोरी सायलेन्सर बसवून द्या, गाडीले पिकअप पाह्यजे." कारंज्यातल्या माझ्या गॅरेजात बुलेट आणणाऱ्या पोरांची मागणी ठरलेली. मी विचारतो, पिकअप पाहिजे कुठे? रोडवर शंभरच्या पुढे, की मागे सोयाबीनचं पोतं बांधून पांदणीतल्या चढावर? समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी. इथली गाडी पळते ती गावरस्त्यांवर, नाहीतर पोहरादेवीच्या यात्रेत. तिथे कामी येतो तो कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ. जुन्या ३४६ सीसी क्लासिकला २८ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० आरपीएमवरच मिळतो. तो घालवायला आपण पैसे मोजायचे?

पिकअपसाठी रेसिंगचा कॅम टाकायचं म्हणाल, तर आधी कॅमचं बघा. त्याचा लोब, म्हणजे उंचवटा, वॉल्व्ह किती उचलायचा (लिफ्ट) आणि किती वेळ उघडा ठेवायचा (ड्युरेशन), हे ठरवतो. ४,००० आरपीएमला वॉल्व्ह सेकंदाला तेहतीस वेळा उघडतो. रेसिंगचा कॅम इनटेक वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो; पिस्टन वर निघाला तरी वॉल्व्ह बंद झालेला नसतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती तरीही घुसत राहते. आरपीएम कमी असले की पिस्टन तीच हवा उलटी बाहेर ढकलतो. टॉर्क वर सरकतो, खाली गाडी मरते, आयडलिंगलाही घुटमळते. ओझं वाहणाऱ्याने कॅम बदलायचाच, तर लिफ्ट थोडी जास्त आणि ड्युरेशन कंपनीएवढंच असलेला बघावा.

सायलेन्सरचंही तसंच. धुराचा झटका पाइपच्या तोंडाशी पोचला की ओढीची एक लाट उलटी फिरते. दोन्ही वॉल्व्ह जरासे उघडे असताना ती पोचली, तर उरलासुरला धूर खेचून नेते. ती कोणत्या आरपीएमला वेळेवर पोचणार, हे पाइपच्या लांबीवर ठरतं. इंजिनातून निघणारा बेंड पाइप फार जाड घेतला की धुराचा वेग पडतो आणि खालची ओढ जाते. इंदोरीत यातलं काहीच मोजलेलं नसतं, नुसता आवाज. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. ते काढून टाकायचं काम मी घेतच नाही. आवाज-धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा, हे वेगळंच.

खरं सांगायचं तर ओढ कमी झालेल्या गाडीत आधी एअर फिल्टर उघडावा. सोयाबीनच्या मळणीत त्यात इतका भुसा बसतो की झटकला तर ओटा भरतो. मग टॅपेट, क्लच प्लेटा. एवढं करूनही दम कमी वाटला, तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान टाकावं; १४ दातांचं असेल, तर १३ चं. तेव्हा चाकाला मिळणारा टॉर्क साडेसात टक्क्यांहून जास्त वाढतो. टॉप स्पीड जवळपास तेवढाच घटतो, पेट्रोलही जरा जास्त लागतं. शेतात ये-जा करणाऱ्याला ते परवडतं. रोज अकोल्याला नोकरीला जाणाऱ्याला मी नको म्हणतो.