ठरलेला आकार नसलेली प्रथिने काम कशी करतात?

मित्रहो, शहापूर-मुरबाडच्या मंडळींना एक साधा प्रश्न विचारतो. खांद्यावरच्या पंचाचा आकार कोणता? उन्हात त्याचं मुंडासं होतं, रानभाजी मिळाली की गाठोडं, डोक्यावर हंडा घ्यायचा तर चुंबळ. समोर काम कोणतं येतं, त्यावर त्याचा आकार ठरतो.

माझा विषय तत्त्वज्ञान. आधी रूप की आधी कार्य, हा आमच्याकडचा जुना वाद. जीवशास्त्राने मात्र त्याचं उत्तर ठरवून टाकलं होतं. १८९४ साली एमिल फिशर यांनी कुलूप-किल्लीची उपमा दिली. आकार पक्का असेल तरच प्रथिन काम करणार, असं मग सर्वत्र शिकवलं गेलं. पुष्कळ प्रथिनांबाबत ते खरंही आहे. पण १९९९ साली पीटर राइट आणि जेन डायसन यांनी पुरावे एकत्र मांडून सांगितलं, की काही प्रथिनं पक्का आकार नसतानाच काम करतात.

हे घडतं कसं? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यातली काही आम्लं पाण्यापासून दूर पळतात. ती आत दडतात आणि साखळीची घट्ट घडी बसते. या मोकळ्या प्रथिनांत अशी आम्लं कमी आणि विद्युतभार असलेली जास्त असतात. त्यामुळे घडी बसतच नाही, साखळी सतत हलत राहते.

कर्करोगाला आवर घालणारं पी-५३ हे प्रथिन बघा. त्याचा मधला भाग घडीव, दोन्ही टोकं मोकळी. शेवटच्या टोकाचा तोच तुकडा एका जोडीदाराजवळ स्प्रिंगसारखा पीळ घेतो, तर दुसऱ्याजवळ सरळ ताणला जातो. अशी पकड बहुधा सैल असते, आणि तेच सोयीचं. पेशीत निरोप पोचला की लगेच सुटायचं असतं ना!

आता या मोकळेपणाची किंमतही ऐका. मेंदूतल्या पेशींत १४० अमिनो आम्लांचं अल्फा-सायन्यूक्लिन असतं. पेशीतल्या पटलाला चिकटलं की त्याचा पुढचा भाग पीळ घेतो. एरवी ते मोकळं असतं. पण ते एकमेकांनाच चिकटू लागलं, तर कडक तंतू बनतात. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत असे गोळे सापडतात. आपल्या जवळच, पवईच्या आयआयटीत, समीर माजी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं, की हे प्रथिन आधी द्रवाचे थेंब करतं, ते थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यांत तंतू तयार होतात.

औषध शोधणाऱ्यांची अडचण इथेच आहे. औषधाचा रेणू सहसा प्रथिनाच्या खाचेत बसवतात. इथे खाच टिकतच नाही! आजच्या औषधांनी कंप आणि ताठरपणा कमी होतो, आजार थांबत नाही.

पंचाला बांधणारा हात लागतो. प्रथिनाला तसा हात नाही. त्याचे विद्युतभार आणि भेटणारा जोडीदार, यांतूनच रूप घडतं. म्हणून 'याचा आकार काय?' एवढंच विचारून भागत नाही. 'हे कोणाजवळ आहे?' हेही विचारावं लागतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.