कळांची भीती: ऐकीव किती, खरी किती

कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे आणि त्याच भागात चित्तरंजन सेवा सदन. देशबंधू चित्तरंजन दासांनी बायकांच्या उपचारांसाठी आपलं राहतं घर दिलं आणि १९२६ मध्ये तिथे हे रुग्णालय सुरू झालं. बदलीच्या नोकरीमुळे इथे आलेल्या मराठी घरांत डोहाळजेवण झालं, की ओटी भरता भरता दबक्या आवाजातल्या गोष्टी निघतात. कुणाला दीड दिवस कळा आल्या, कुणाला किती टाके पडले. शेजारच्या बंगाली घरातल्या ‘साध’च्या, म्हणजे त्यांच्या डोहाळजेवणाच्या, पंगतीतही, पायेस आणि माशाच्या ताटांपलीकडे, हेच बोलणं चालतं. पहिलटकरीण ऐकून घेते, हसते आणि रात्री जागी राहते.

या बोलण्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे, “पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या, आताच्याच नाजूक.” त्यातून जगलेल्या बायकांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या, गेलेल्यांच्या कुणी सांगितल्याच नाहीत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पती गोपाळरावांची पोस्टातली नोकरी त्यांना कोलकात्याला आणि तिथून हुगळीकाठच्या श्रीरामपूरला घेऊन आली. डॉक्टर व्हायला आपण अमेरिकेला का जातो, हे त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात फेब्रुवारी १८८३ मध्ये भरसभेत सांगितलं आणि ७ एप्रिलला कोलकात्याहून बोट धरली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पूर्वी सगळं सोपं होतं, असं त्या तरी म्हणाल्या नसत्या.

दुसरा सल्ला प्रेमाने दिला जातो: “घाबरायचं नाही.” सांगून भीती जात असती तर बरंच झालं असतं. माणूस घाबरला की शरीरात ॲड्रिनलिन वाढतं, जबडा, खांदे, मांड्या ताठ होतात. गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिनमुळे, आणि फार भीती असली तर त्या कामात अडथळा येऊ शकतो. शिवाय ताठलेल्या शरीराला तीच कळ जास्त लागते. भीतीने ताण, ताणाने वेदना, वेदनेने आणखी भीती, हे चक्र इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० च्या दशकात मांडलं. नैसर्गिक प्रसूतीच्या चळवळीचं मूळ बरंचसं तिथे आहे.

पण डिक-रीड एक पाऊल जास्त पुढे गेले. निरोगी बाईला भीती नसेल तर वेदनाही फारशी नसेल, असा त्यांचा सूर होता. आजच्या काही गर्भसंस्कार वर्गांतही तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो: श्वासाचा सराव करा, मन शांत ठेवा, कळा जाणवणारच नाहीत. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. गर्भाशयाचा बलदंड स्नायू आवळतो, त्याचं तोंड दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं, बाळाचं डोकं ओटीपोटातल्या हाडांवर आणि मज्जातंतूंवर दाबतं. दुखतं ते यामुळे, मन कच्चं आहे म्हणून नव्हे. ‘बिनवेदना’ प्रसूतीचं आश्वासन घेऊन गेलेल्या बाईला पहिली जोरदार कळ आली की वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

त्यापेक्षा कळ म्हणजे काय हे आधी नीट कळलेलं बरं. बहुतेकींना ती कमरेतून उठते, पट्टा आवळावा तशी पोटावर पुढे येते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. प्रसूतीला खरा जोर चढल्यावर दहा मिनिटांत साधारण तीन ते पाच कळा येतात, प्रत्येक पाऊण ते एक मिनिटाची. पाऊण मिनिटाच्या तीन कळा धरल्या तर दहा मिनिटांतली सव्वादोन मिनिटं कळ आणि पावणेआठ मिनिटं विसावा. पुढे विसावा कमी होत जातो, पण दोन कळांमध्ये तो असतोच. भीती नेमकी हाच विसावा खाते. पुढची कळ कधी येईल म्हणून मधल्या वेळातही अंग आवळून बसणारी बाई लवकर थकते. श्वासाची तंत्रं खरी कामाची ती इथे: कळ आली की लांब, हळू उच्छ्वास, ती गेली की खांदे सोडायचे, घोटभर पाणी प्यायचं.

“छत्तीस तास कळा” या गोष्टीचाही उलगडा इथेच होतो. सुरुवातीच्या अनियमित, सौम्य कळा तासन्‌तास, कधी दीड दिवसही चालू शकतात. त्या धरून मोजलं की आकडा मोठा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून जोराचा टप्पा धरायचा, आणि पहिल्या खेपेला तो सहसा बारा तासांच्या पुढे जात नाही. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेबही त्याच शिफारशींनी बाजूला ठेवला.

कळा सुरू झाल्या की पलंगावर उताणं पडून राहायचं, हाही एक गैरसमजच. काही गुंतागुंत नसेल तर चालावं, भिंतीला हात टेकून पुढे वाकावं, कुशीवर झोपावं. कमरेत फार दुखत असेल तर दुसऱ्या कुणीतरी माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताच्या टाचेने कळभर घट्ट दाब द्यावा. हळुवार चोळण्यापेक्षा बऱ्याच जणींना हा दाबच हवासा वाटतो. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कमरेला लावावी. मालिश, शेक आणि श्वास यांनी दुखणं जात नाही, पण सोसवतं. आणि कण्हावंसं वाटलं तर कण्हावं. तोंड मिटून कळा देणं ही काही बहादुरी नव्हे.

या सगळ्यांपेक्षा जास्त भरवशाचा उपाय मात्र औषधांच्या दुकानात मिळत नाही. प्रसूतीच्या वेळी सतत जवळ राहणारं आपलं माणूस. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवर झालेले २६ अभ्यास एकत्र तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला, की अशी सोबत असली तर प्रसूती थोडी लवकर आटोपते, नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सीझर आणि वेदनाशामकांची गरज कमी होते. “लेबर रूममध्ये घरच्यांना सोडतच नाहीत” हे भारतात कितीतरी वर्षं खरं होतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, आणि खोलीत पुरेसा आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही राहता येतं. कोलकात्यातल्या मराठी बाईला तर सोबतीची गरज दुहेरी. आयामासी आणि नर्सदिदी बंगालीत बोलणार, आणि ऐन कळेत परकी भाषा डोक्यात शिरत नाही. गावाहून आलेल्या आईला बंगाली येत नसेल, तर एखादी शेजारीण आधीच ठरवून ठेवलेली बरी.

आता पाठीतल्या इंजेक्शनकडे. “ते घेतलं की जन्मभर कंबर दुखते, आणि शेवटी सीझरच होतं.” एपिड्युरलबद्दलच्या या दोन्ही समजुती अभ्यासांत टिकलेल्या नाहीत. बाळंतपणानंतर कंबर बहुतेकींची दुखते, एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. एपिड्युरलचे काही त्रास आहेत: रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, जोर देण्याचा काळ लांबू शकतो. भूलतज्ज्ञ लागतो आणि तो सगळीकडे चोवीस तास असतोच असं नाही. वेदनाशामक घेण्यावरची टीकाही नवी नाही: लंडनमध्ये १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हाही टीका झाली होती. नैसर्गिक उपाय करून पाहिले आणि मग वेदनाशामक मागितलं, तर त्यात हरण्यासारखं काही नाही.

भीतीचा सगळ्यात महाग परिणाम वेगळाच आहे. “कळा नकोत, सीझर करून टाका, ते बिनवेदना.” २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगालमधल्या खाजगी रुग्णालयांतल्या ८२.७ टक्के प्रसूती सीझरने झाल्या, तिथल्याच सरकारी रुग्णालयांत २२.९ टक्के. एकाच राज्यातल्या बायकांची शरीरं इतकी वेगळी असू शकत नाहीत. ही सगळी तफावत भीतीमुळे आहे असं नाही, रुग्णालयांची सोय आणि पैसा त्यात आहेच, पण घाबरलेलं कुटुंब लवकर ‘हो’ म्हणतं. सीझरमुळे असंख्य जीव वाचतात. बिनवेदना मात्र ते नाही. टेबलावर दुखत नाही, पुढे काही आठवडे उठता-बसता दुखतं आणि पुढच्या गरोदरपणात वार खाली बसण्याचा धोका वाढतो.

ऐकीव घरगुती उपायांचंही तसंच. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळ ‘सटकन्’ येत नाही, तुपाची वाट पोटाकडे जाते, गर्भाशयाकडे नाही. कळा आणायला घरी एरंडेलही घेऊ नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं.

आठव्या महिन्यात रुग्णालयात जाऊन लेबर रूम बघून या आणि स्पष्ट विचारा: सोबत कोण राहू शकतं, चालू देता का, पाणी आणि हलकं खाणं देता का, एपिड्युरल रात्रीही मिळतं का. कधी निघायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्त गेलं, पाणी गेलं, पाणी हिरवट दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा मोजत बसू नका, श्वासाचे व्यायामही नकोत. तडक निघा. गाडी नसेल तर १०२ ला फोन करा.