श्वासाचा इशारा प्राणवायूचा नव्हे, आम्लतेचा

श्वास रोखून धरल्यावर थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. शरीरातील प्राणवायू संपत आल्याचे हे लक्षण आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा इशारा प्रामुख्याने रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे मिळतो. हा फरक ठाऊक नसल्यास पाण्यात बुडी मारणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

आम्लता ओळखणाऱ्या पेशी

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होते व हायड्रोजन आयनांचे प्रमाण वाढते. धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखावा लागतो. हे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातील काही चेतापेशी करतात. त्यांच्या आवरणात 'टास्क-२' नावाचे पोटॅशियमचे सूक्ष्म मार्ग असतात. आम्लता वाढली की हे मार्ग बंद होतात, पोटॅशियम आत अडकून राहते आणि पेशी उत्तेजित होऊन श्वसनकेंद्राला वेग वाढविण्याचा संदेश देते. या कामी 'जीपीआर-४' हा ग्राहकही साहाय्य करतो. हे दोन्ही घटक नसलेल्या उंदरांमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वसनाचा वेग जवळजवळ वाढत नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले.

या यंत्रणेचे महत्त्व एका दुर्मिळ जन्मजात विकारातून स्पष्ट होते. 'फॉक्स-२-बी' या जनुकातील दोषामुळे हा विकार होतो, हे २००३ मध्ये उघडकीस आले. अशा बालकांचा श्वास झोपेत अत्यंत मंदावतो आणि त्यांना कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार द्यावा लागतो.

लोणावळ्यातील प्रयोग

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम संस्थेची स्थापना केली. प्राणायामाच्या वेळी होणारी वायूंची देवाणघेवाण त्यांनी प्रयोगशाळेत मोजली आणि प्राणायामामुळे शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत अमान्य केली. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्त मुळातच प्राणवायूने सुमारे ९७ टक्के संपृक्त असते. त्यामुळे वेगाने दीर्घ श्वास घेतल्यास प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो.

धोका कोठे आहे?

बुडी मारण्यापूर्वी असे श्वास घेतल्यास आम्लता घटते व इशारा उशिरा मिळतो. दरम्यान प्राणवायू खर्च होतच राहतो. परिणामी गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून नर्मदेच्या ग्वारीघाटावर पोहायला जाणारा तरुण असो वा शहरातील तलावात सराव करणारा जलतरणपटू, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेऊ नये आणि श्वास रोखण्याचा सराव पाण्यात एकट्याने कधीही करू नये.