वाऱ्यांतून आलेलें धान्य

धान्याचा प्रश्न निघाला म्हणजे आपण आकाशाकडे पाहतों. पर्जन्य पडला कीं कोठारें भरलीं, अशी आपली पिढीजात समजूत. आणि ती खोटीही नाहीं. परंतु आज जगांतील ८०० कोटींवर माणसांपैकीं जवळजवळ निम्म्यांचें पोट एका रासायनिक क्रियेवर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा अजमास आहे. ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही फारशी ठाऊक नसते.

वनस्पतीला नत्र हवा. हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्रच; पण त्याचे परमाणु जोडीजोडीनें एकमेकांस इतके घट्ट बिलगलेले असतात कीं गहूं, भात किंवा ज्वारी यांस ती जोडी फोडतां येत नाहीं. क्षीरसागरांत उभें राहून दुधास मुकावें, तशी पिकांची अवस्था! इ. स. १८९८ सालीं ब्रिस्टल येथें सर विल्यम क्रुक्स यांनीं अध्यक्षपदावरून इशारा दिला कीं, चिलीच्या वाळवंटांतील सोरा संपला म्हणजे जगाला गहूं पुरणार नाहीं. त्या सोऱ्याच्या प्रदेशासाठीं चिलीनें पेरू व बोलिव्हिया यांच्याशीं १८७९ ते १८८३ युद्धही केलें होतें.

फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनज्ञानें १९०९ सालीं प्रचंड दाब, उष्णता आणि योग्य उत्प्रेरक यांच्या साह्यानें नत्र व हायड्रोजन यांचा संयोग करून अमोनिया सिद्ध केला. कार्ल बॉश यानें १९१३ सालीं ओप्पाऊ येथें त्याचा कारखाना उभारला. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि जो अमोनिया शेतांत जावयाचा तो दारूगोळ्यांत जाऊं लागला. विषारी वायूचा मारा १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर झाला, त्याचा सूत्रधारही हाबरच. एकाच मनुष्याच्या हातून अन्नदान आणि विषप्रयोग व्हावा, हें पुराणांत आलें असतें तर आपण तें कविकल्पना म्हणून सोडून दिलें असतें.

आतां अडचण ही कीं, यास लागणारा हायड्रोजन मुख्यतः भूगर्भांतील नैसर्गिक वायूपासून काढतात. म्हणजे भाकरीचें मूळ वायूच्या विहिरींत! १९५१ सालीं सिंद्रीचा आपला कारखाना कोळशावर सुरू झाला. पुढें आपले बहुतेक युरियाचे कारखाने वायूवर आले, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशांतून येतो. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, वायूचे भाव भडकले, तेव्हां युरोपांतील कित्येक अमोनियाच्या कारखान्यांस काम आवरतें घ्यावें लागलें. तोफा कोठें उडाल्या, आणि खत कोणाचें महागलें!

त्यांतही, शेतांत टाकलेल्या नत्रापैकीं सुमारें अर्धा पिकाच्या मुखीं लागतच नाहीं. तो पाण्यांत वाहून जातो किंवा हवेंत उडतो. ही नासाडी मला टंचाईहून अधिक बोंचते. युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप देण्याचा नियम २०१५ सालीं सर्वत्र लागू झाला, त्यानें नत्र सावकाश सुटतो. उपाय चांगला, पण पुरेसा नव्हे.

आमच्या दख्खनच्या शेतकऱ्यानें ज्वारींत तूर पेरण्याची चाल पूर्वापार ठेविली आहे. तुरीच्या मुळांवरील गांठींत जे सूक्ष्म जंतु वसतात, ते हवेंतील नत्राची जोडी फोडतात, तींही भट्टीवांचून. गेल्या शतकाच्याही आधीं, १८८० नंतरच्या दशकांत, जर्मनींत हें रहस्य उलगडलें. एवढ्यानें साऱ्या जगाचें पोट भरेल, असें मात्र मी म्हणणार नाहीं. डाळीचें पीक तेवढें येत नाहीं. गव्हाला तुरीची ही विद्या शिकविण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत; परंतु शेतांत पेरण्याजोगा तसा गहूं अद्याप कोणाच्याही हातीं आलेला नाहीं.