‘डिस्चार्ज’चे मराठी कोणते?

इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असला म्हणजे आपण कोश उघडतो, पहिला अर्थ उचलतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. कथा-कादंबरीत यामुळे फार तर वाचकाचा रसभंग होईल. कामगाराच्या हाती पडलेल्या कागदात असा शब्द चुकला, तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. युनियनच्या कचेरीत असे कागद वाचून दाखविता दाखविताच आमचे बरेचसे शिक्षण झाले. त्यांपैकी एकाच शब्दाची हकिगत येथे सांगतो.

‘डिस्चार्ज’ हा शब्द नागपूरच्या घराघरांत आहे. मेडिकलमधून रोगी घरी सोडला की ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हणून पेढे वाटतात. इंग्रजीत मात्र बंदूक झाडली, जहाजातला माल उतरवला, जखमेतून पू वाहिला, कर्तव्य पार पाडले, कर्ज फिटले, खटला उभा राहण्यापूर्वीच न्यायाधीशाने आरोपीला सोडले, या सर्वांना हाच एक शब्द चालतो. याचे कारण त्याच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. गाडीवर भार चढविणे हा ‘चार्ज’ आणि तो उतरविणे हा ‘डिस्चार्ज’. पुढे इंग्रजीने कर्ज, आरोप, कर्तव्य यांनाही ओझेच मानले, आणि ते उतरविण्याला तोच शब्द लावला.

मराठीने असे केले नाही. आपण बंदूक झाडतो, माल उतरवतो, कर्ज फेडतो, कर्तव्य बजावतो. स्पॅनिश माणसाचेही बरेचसे असेच आहे. माल उतरवायचा तर तो ‘देस्कार्गार’ म्हणतो, रोग्याला घरी सोडायचे तर ‘दार दे आल्ता’, आणि कामगाराला काढायचे तर ‘देस्पेदिर’. तेव्हा कोश उघडण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, ओझे कोणाचे होते आणि ते कोणाच्या डोक्यावरून उतरले?

आता कारखान्यात येऊ. आपली माणसे सरसकट ‘कामावरून काढले’ म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवून, चौकशी करून शिक्षा म्हणून काढले तर ती बडतर्फी. माणसे जास्त झाली म्हणून काढले तर ती कामगारकपात. कच्चा माल किंवा वीज नाही म्हणून काही दिवस बसवून ठेवले तर तो ले-ऑफ. त्यात नोकरी तुटतच नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपात व ले-ऑफ यांच्या व्याख्या घातल्या गेल्या. अटी पुऱ्या होत असतील तर ले-ऑफमध्ये मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम, आणि कपातीत पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असे ठरले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे शब्द आहेतच. साधा ‘डिस्चार्ज’ बडतर्फीहून वेगळा: ठपका न ठेवता, नोटीस किंवा नोटिशीचा पगार देऊन नोकरी संपविणे.

आमच्या माहितीतील एका कामगाराला असे इंग्रजी पत्र आले. शेजारच्या शिकलेल्या मुलाने ‘काका, तुम्हाला बडतर्फ केले’ असा अर्थ सांगितला. तो बिचारा चोरीचा आळ आल्यासारखा आठवडाभर घराबाहेर पडला नाही. पत्रात आरोपाचे अक्षरही नव्हते. उलट कोणी ‘कार्यमुक्त’ असे गोंडस भाषांतर करतात. सरकारी कचेरीत बदली झालेल्या कारकुनालाही कार्यमुक्तच करतात, आणि तो दुसऱ्या दिवशी नव्या टेबलावर बसतो! आम्ही ‘ठपका न ठेवता नोकरी संपविली’ असे लांबलचक लिहितो. लांब असले तरी चालेल, कामगाराच्या बायकोलाही ते कळते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राज्यकारभारासाठी संस्कृत शब्दांची टांकसाळच उघडली होती. त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु नवे नाणे पाडण्यापूर्वी घरातला जुना डबा एकदा पाहावा, असे आम्हांस नेहमी वाटते. त्याचे उदाहरण याच शब्दात आहे.

नोकरी संपली की हिशेबाची पावती पुढे येते. तीत ‘इन फुल डिस्चार्ज ऑफ ऑल क्लेम्स’ असे छापलेले असते. तोच शब्द, पण येथे ओझे फिरले! पत्रात मालक कामगाराला सोडतो. पावतीत कामगार मालकाला सर्व देण्यांतून सोडतो. वाचून दाखविणारा ‘पैसे मिळाले असे लिहिले आहे’ म्हणतो आणि अंगठा उमटतो. अशा सहीने सारेच हक्क बुडतात असे नाही, पण मालकाच्या वकिलाला आयते हत्यार मिळते. ‘पैसे मिळाले’ ही पोच झाली. ‘आता माझे काही येणे नाही’ असे लिहून देण्याला आपल्या सावकारी व्यवहारात पूर्वीपासून शब्द आहे: फारखती. नवराबायकोच्या काडीमोडाला आपण ‘फारकत’ म्हणतो, ते याच घराण्यातले.

म्हणून अशा पावतीवर त्या ओळीशेजारी आम्ही पेन्सिलीने ‘फारखती’ एवढेच लिहितो. सही करायला वाकलेला माणूस थबकतो, ‘कशाकशाची, भाऊ?’ असे विचारतो, आणि मग ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, राहिलेला बोनस अशी यादी पावतीच्या पाठीमागे मांडायला बसतो.