पाठपिशवी आणि जानमाज

दोन पाठपिशव्या, एक घडीची जानमाज आणि सहा आठवड्यांची रजा. एवढ्या भांडवलावर आम्ही मियाँ-बीवी मलेशिया, इंडोनेशिया आणि तिथून पार फिजीपर्यंत जाऊन आलो. निघताना नातेवाइकांचे प्रश्न दोनच होते. खाणार काय? आणि नमाजचं कसं?

पहिल्याचं उत्तर पिनांगच्या फेरीबोटीतून उतरल्यावर तासाभरात मिळालं. जॉर्ज टाउनमध्ये 'नासी कांदार' मिळतो. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून भात आणि कालवण विकत फिरत. कांदार म्हणजे ती कावड. जवळच कापितान केलिंग मशीद आहे, १८०१ साली हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी स्थापन केलेली. त्याच रस्त्यावर चर्च आहे, चिनी देऊळ आहे, आणि पलीकडच्या गल्लीत मारिअम्मनचं देऊळ.

आम्ही कोकणातले, म्हणजे शाफई. मुंबई-पुण्यात राहताना आपण थोडके आहोत याची सवय होऊन जाते. मलेशियात फजरच्या दुसऱ्या रकातीत इमामसाहेबांनी रुकूनंतर हात उचलून कुनूत सुरू केली आणि मागे सगळी जमात आमीन म्हणू लागली, तेव्हा थेट गावची मशीद आठवली. इथे जवळजवळ सगळेच शाफई! नारळाच्या दुधातला भात, सुकी मासळी, पावसाळी हवा हे वर आणखी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं बोचणारं आहे. रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, हमरस्त्यावरचा थांबा, जिथे जावं तिथे 'सुराउ', म्हणजे नमाजची खोली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, वुजूसाठी नळ दोन्हीकडे. बायकांच्या खोलीत बहुधा पांढऱ्या, सैल नमाजी पोशाखांची रांग टांगलेली असते. मलेशियात त्याला 'तेलेकुंग' म्हणतात, इंडोनेशियात 'मुकेना'. वाटसरू बाईने यावं, तो अंगावर चढवावा, नमाज पढावी, परत टांगून निघावं. कोणी विचारत नाही, कोणी वळून पाहत नाही.

आपल्याकडे खेडहून मुंबईला एसटीने निघालेल्या बाईची जोहर-असर कुठे होते, हे घरोघरी ठाऊक आहे. घरी पोहोचल्यावर, कजा. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ साली मशिदीतल्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजची मुभा आहे. मुभा आहे, पण पडदा, नळ आणि कोपरा कुठे आहे? आमच्या मते हा फतव्याचा कमी आणि बांधकामाचा प्रश्न जास्त आहे.

जाव्हातल्या योग्यकर्ता शहरात कौमान नावाचा जुना मुहल्ला आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. इथेच अहमद दहलान यांनी १९१२ मध्ये मुहम्मदिया ही संघटना काढली आणि १९१७ मध्ये तिची महिला शाखा, आयशिया, सुरू झाली. या बायकांनी १९२०च्या दशकात मुहल्ल्यात आपली स्वतःची नमाजची जागा उभी केली, ती आजही आहे. (इथे फजरला कुनूत नसते बरं का, मुहम्मदियावाले ती पढत नाहीत.) भाषेचं अडलं तर साबून, कुर्सी, रोटी, वक्तु, काबार एवढ्यावर आमचं बरंच भागलं.

सिंगापूरहून नांदीला विमानाने दहा तास. फिजीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, म्हणजे तिथे मगरिब तेव्हा आपल्या घरी दुपारचं जेवणही झालेलं नसतं. गंमत म्हणजे किबला मात्र जवळपास मुंबईसारखाच, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे.

इथले हिंदी मुसलमान गिरमिटियांचे वारस. पहिलं जहाज, लिओनिडास, १८७९ साली आलं. पुढे माणसं आणणं १९१६ पर्यंत चालू होतं, ऊस तोडायला. लौतोका ऊस-साखरेचंच शहर. तिथल्या मशिदीत असरनंतर एका वृद्ध चाचांनी चहाला घरी नेलं. बोलणं फिजी हिंदीत, अवधी-भोजपुरीच्या वळणाचं, आणि आमची दखनी वळणाची हिंदी; दोघांनाही हसू येत होतं. त्यांनी कपाटातून पणजोबांच्या गिरमिट पासची नक्कल काढली. नाव, वय, बापाचं नाव, ठाणं, आणि जिल्हा बस्ती.

"बस्ती आपके घर से नजीक है?" त्यांनी विचारलं.

"मुंबईहून गाडीने एक दिवसाहून जास्त लागतो," आम्ही सांगितलं.

"तो नजीक ही हुआ," चाचा म्हणाले, आणि तो कागद पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागले.